टोमॅटोवरची टूटा आणि तिचे वैरी: गच्चीवर मित्रकीटक कामाला लावताना

टोमॅटोची पाने करपायला लागली की आपण आधी पाणी वाढवतो, मग खत घालतो, आणि तरीही फरक पडला नाही की घरात जी काही बाटली शिल्लक असेल ती फवारून मोकळे होतो. मीही हे सगळे केले होते, अगदी याच क्रमाने. म्हणून पहिली सूचना अशी की पंप माळ्यावर ठेवा आणि करपलेले एक पान तोडून उजेडाकडे धरा.

पानाचा हिरवा गर खाल्लेला, वरखाली दोन पातळ पापुद्रे तेवढे उरलेले, डाग पसरट आणि वेडावाकडा, आणि त्या पापुद्र्यांच्या मध्ये काळ्या भुकटीसारखी विष्ठा दिसली, तर तुमच्याकडे टूटा आली आहे, म्हणजे पानाच्या आत शिरून पोखरणारी एका बारीक पतंगाची अळी. पान अलगद फाडले तर आत बहुतेक वेळा अळी सापडतेच. लहानपणी ती मळकट पांढरी असते, मोठी होते तशी हिरवट आणि पाठीवर गुलाबी झाक. डोक्याच्या लगेच मागे एक काळी अर्धवट पट्टी असते, भिंगातून पाहिली की चुकत नाही. दहा पट मोठे दाखवणारे साधे घडीचे भिंग आत्ताच घेऊन ठेवा. या कामात एका वस्तूवर पैसे खर्च करायचे असतील तर ती ही.

गफलत होते ती नागअळीशी. नागअळी ही एका बारीक माशीची अळी. ती पानावर पांढरी नागमोडी रेघ ओढत जाते, शाळेतल्या पोराने खडूने गिरगटल्यासारखी. तिला पाय नसतात, वेगळे डोकेही दिसत नाही. अशी नुसती रेघच असेल तर घाबरू नका, दोन-चार पाने खुडली की भागते. टूटाची सुरुवातही कधीकधी रेघेसारखी दिसते, पण दोन-तीन दिवसांत त्या रेघेचा फोड होतो. फळावरही फरक कळतो. टूटा देठाच्या टोपीखालून आत शिरते आणि टाचणीच्या टोकाएवढे छिद्र ठेवते. घाटेअळी म्हणजे फळ पोखरणारी मोठी अळी, ती चांगले गोल भोक पाडते आणि निम्मी बाहेर लोंबत जेवत असते.

ही आली कुठून

टूटाचे मूळ घर दक्षिण अमेरिका. 2006 मध्ये ती स्पेनमध्ये सापडली, तिथून भूमध्य समुद्राभोवतीचे देश तिने काही वर्षांतच व्यापले, आणि भारतात तिची पहिली नोंद 2014 मध्ये झाली ती आपल्या महाराष्ट्रातच. पूर्ण नाव टूटा ॲबसोल्युटा. शास्त्रज्ञांनी आता तिला फ्थोरिमिया या गटात टाकले आहे, पण दुकानातल्या सापळ्याच्या गोळीच्या पाकिटावर आणि शेतकऱ्यांच्या तोंडी टूटाच आहे, आपणही तेच म्हणू. टोमॅटो हे तिचे आवडते अन्न, पण बटाटा, वांगे आणि कुंपणाकडेला आपोआप उगवणारी कामोणी यांच्यावरही ती तग धरते.

गच्चीवर ती येते कशी, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. पतंग उडून येतोच, पण बाजारातल्या टोमॅटोतूनही येते. देठाजवळ छिद्र असलेला टोमॅटो आपण कापतो, खराब भाग कंपोस्टच्या बादलीत टाकतो, आणि बादली गच्चीवर टोमॅटोच्याच शेजारी. अळी बादलीत कोष करते आणि पतंग होऊन शेजारी जाते. तेव्हा किडका टोमॅटो कंपोस्टात टाकण्यापूर्वी घट्ट बांधलेल्या पिशवीत चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा.

परदेशी कीड म्हटली की तिचा शत्रूही परदेशातून आणावा लागतो, असा समज आहे. कधीकधी ते खरेही असते. पपईवरचा पिठ्या ढेकूण आला तेव्हा बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या इवल्या माश्या मागवल्या, तपासून, वाढवून सोडल्या, आणि पपईच्या बागा वाचल्या. असे काम सरकारी संस्थाच करू शकते, आणि तेही कीटक बंदिस्त ठेवून, सगळ्या चाचण्या झाल्यावरच. टूटाच्या बाबतीत तशी गरज पडली नाही. तिला खाणारे कीटक आपल्या मातीत आधीपासून होते, त्यांनी नवे ताट ओळखायला फार वेळ लावला नाही. आपल्याला त्यांना जागा द्यायची आहे आणि थोडी कुमक पाठवायची आहे.

तिचा महिना समजून घ्या

टूटाची मादी रात्री फिरते. दिवसा ती पानांच्या मध्ये दडून बसते, रुपेरी करडी, तांदळाच्या दाण्याएवढी, पंखांवर काळे ठिपके. एक मादी आयुष्यात अडीचशेच्या आसपास अंडी घालू शकते, तीही एकेक, बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला. अंडे चार-पाच दिवसांत फुटते. अळी दोन आठवडे पानात किंवा फळात जेवते. मग मातीत, सुकल्या पानात किंवा त्या पोकळीतच कोष, त्याला आठ-दहा दिवस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सगळे चक्र महिन्याच्या आत पुरे होते, थंडीत लांबते. जोराचा पाऊस झाला की संख्या पडते. म्हणून खरी लढाई फेब्रुवारी ते मे.

या महिन्यात अळी उघड्यावर फार थोडा वेळ असते. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण ती दोन पापुद्र्यांच्या आत सुरक्षित असते. उघडे असते ते अंडे, आणि नुकतीच बाहेर पडून पानात घुसायला जागा शोधणारी अळी. मित्रकीटकांचे, म्हणजे तिला खाणाऱ्या कीटकांचे, बहुतेक काम याच दोन जागी चालते, आणि पुढच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

चौघांची ओळख

पहिली ट्रायकोग्रामा. ही इतकी बारीक गांधीलमाशी की पूर्णविरामावर बसली तर तो झाकेल एवढीच. माणसाला चावत नाही, चावण्याएवढी नाहीच. ती टूटाच्या अंड्यात आपले अंडे घालते, आतली अळी टूटाचे अंडे खाऊन टाकते आणि आठवड्याभरात तिथून पतंगाच्या अळीऐवजी नवी माशी निघते. हिने अंडी घातलेली कागदी कार्डे विकत मिळतात, त्यांना ट्रायकोकार्ड म्हणतात.

दुसरा मिरिड, नेसिडिओकोरिस. हा ढेकणाच्या जातीतला, पण सडपातळ, फिकट हिरवा, तीन-चार मिलिमीटर लांब, पाय उंच. टोमॅटोच्या चिकट लवीत बाकीचे कीटक अडकतात, हा मात्र त्यावर बिनधास्त धावतो. टूटाची अंडी आणि बारीक अळ्या सोंडेने शोषून घेतो, पांढऱ्या माशीची पिल्लेही खातो. हा आपल्याकडे सहसा विकत मिळत नाही, त्याला बोलवावे लागते. चौघांत माझा सर्वांत लाडका हाच, आणि सर्वांत जास्त मार खाणाराही हाच, कारण हिरवे काही पळताना दिसले की नवखा माणूस चप्पल शोधतो.

तिसऱ्या त्या पानातल्या अळीवर जगणाऱ्या माश्या. निओक्रायसोकॅरिस हे त्यातले भारतात टूटावर नोंदवलेले एक नाव. पापुद्र्याच्या वरूनच डंख खुपसून आतल्या अळीला त्या लुळी पाडतात आणि तिथेच अंडे घालतात. यांना आणायचे नसते. त्या असतातच, आपण त्यांना मारले नाही म्हणजे झाले.

चौथी क्रायसोपर्ला. हिरव्या अंगाचा, जाळीदार पंखांचा नाजूक कीटक रात्री दिव्याभोवती दिसतो तो. खादाड असते ती तिची अळी, तपकिरी, मगरीच्या तोंडवळ्याची. तिचे अंडे केसासारख्या दांड्यावर उभे असते. अनेक जण ते बुरशी समजून पुसून टाकतात, तसे करू नका. टोमॅटोच्या लवीत ही अळी जरा अडखळते, त्यामुळे हिच्यावर सगळा भरवसा टाकता येत नाही, पण शेजारच्या चवळीवरचा मावा ती मन लावून साफ करते.

पायरी पहिली: पंधरा दिवस काहीही फवारू नका

हे सर्वांत अवघड आहे. रासायनिक औषधे थांबवायची हे कुणालाही पटते. पण "घरचे आहे, नैसर्गिक आहे" म्हणून लसूण-मिरची, दशपर्णी, साबणाचे पाणी चालूच राहते. साबणाचे पाणी मऊ अंगाच्या मिरिडच्या पिल्लाला तसेच मारते जसे माव्याला मारते. एका वर्षी मी सकाळी कार्ड बांधले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हात शिवशिवले म्हणून, लसूण-मिरचीचा फवारा मारला. त्या कार्डाचे पैसे मी स्वतःच्या हाताने धुऊन टाकले. तेव्हा आधी पंधरा दिवस पूर्ण विश्रांती.

याच दिवसांत पिवळे चिकट सापळेही काढा. पांढरी माशी पकडायला ते चांगले, पण त्यांना मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. माझ्याकडच्या एका सापळ्यावर पांढऱ्या माश्यांपेक्षा बारीक गांधीलमाश्याच जास्त चिकटल्या होत्या.

पायरी दुसरी: पाने खुडा, पण फेकू नका

पोखरलेली पाने दर चार दिवसांनी खुडा. सगळी खुडून झाडाचा सांगाडा करू नका, ज्यात जिवंत अळी दिसते तेवढीच. आता ही पाने मोठ्या बरणीत घाला, तोंडाला जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा रबराने बांधा आणि बरणी सावलीत ठेवा. पाणी साचू देऊ नका, बुरशी येते; तळाशी वर्तमानपत्राची घडी ठेवली की ओल टिपली जाते.

दहा-पंधरा दिवसांत बरणीत काहीतरी उडायला लागेल. करडे पतंग निघाले तर बरणी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून द्या. अगदी बारीक, चमकदार काळ्या-हिरव्या माश्या निघाल्या तर तुमच्याकडे तिसरा मित्र आधीच हजर आहे. अशी बरणी संध्याकाळी टोमॅटोच्या बुंध्याशी नेऊन फडके थोडे सैल करा. दोन्ही निघाले, आणि तसे बहुधा होतेच, तर बरणी उजेडाकडे धरा. माश्या उजेडाच्या बाजूला जमतात, पतंग दिवसा खाली पानांत दडतात. वरच्या माश्या जातील एवढीच फट ठेवायची. दोन-चार पतंग निसटले तरी जग बुडत नाही. बागकामातली ही एकच गोष्ट माझ्या घरातल्या मुलांनी आपणहून केली, रोज सकाळी शाळेआधी बरणीत कोण निघाले ते बघायला धावत असत.

पायरी तिसरी: कामगंध सापळा, फक्त बातमीसाठी

टूटाच्या मादीच्या गंधाची रबरी गोळी कृषी सेवा केंद्रात मिळते. मागताना "टूटाची" असे स्पष्ट सांगा. घाटेअळीची किंवा लष्करी अळीची गोळी टूटाला ओळखत नाही, आणि दुकानदार गडबडीत हाताला येईल ते पाकीट देतो. पसरट टबात पाणी, त्यात साबणाचे दोन थेंब, वर तारेने गोळी टांगलेली, एवढा सापळा पुरतो. टूटा खालून उडते, म्हणून टब जमिनीजवळ ठेवा आणि झाडांपासून चार-सहा हात दूर. गोळीला हातमोजे घालून किंवा चिमट्यानेच हात लावा, बोटाला गंध लागला तर पतंग तुमच्यामागे फिरतील, सापळ्यात पडणार नाहीत. गोळी महिना-दीड महिना टिकते.

यात नरच पडतात. कीड यानेच संपेल अशी आशा धरू नका, नर शिल्लक राहतातच. सापळ्याचा उपयोग एकच, आणि तो मोठा आहे: पहिला पतंग पडला की अंडी आता घातली जात आहेत हे कळते. त्याच दिवशी ट्रायकोकार्डासाठी फोन करायचा.

पायरी चौथी: तीळ पेरा

खरे तर ही पायरी पहिली असायला हवी, कारण तिला महिना लागतो. पण नवखा माणूस अळी दिसल्यावरच लेख वाचतो, त्याला इलाज नाही. पुढच्या हंगामात टोमॅटोचे बी टाकाल त्याच दिवशी हे करा.

मिरिडला तीळ टोमॅटोहून जास्त आवडतो. परदेशात टोमॅटोच्या ओळींत मुद्दाम तीळ लावून पाहिला आहे, मिरिड त्यावर राहतो, वाढतो, आणि टोमॅटोच्या खोडाला कमी त्रास देतो. या त्रासाबद्दल पुढे बोलतो. आपल्याला तीळ शोधायला कुठे जायला नको, संक्रांतीच्या लाडवातून उरलेले डब्यात असतात. फक्त ते सालासकट असावेत. पॉलिश केलेले, पांढरे शुभ्र तीळ उगवत नाहीत. दोन कुंड्यांत चिमूटभर तीळ वर-वर मातीत मिसळा, ऊब असली की चार-पाच दिवसांत उगवतात. थंडीत रुसून बसतात, म्हणून जानेवारीच्या शेवटानंतरच. रोपे वीतभर झाली की कुंड्या टोमॅटोच्या मध्ये आणून ठेवा. मिरिड नसेल तर आसपासच्या, न फवारलेल्या टोमॅटोच्या किंवा तिळाच्या शेंड्यांवर शोधा. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की हिरवे सडपातळ पळताना दिसतात. झाकणाच्या डबीत दहा-पंधरा पकडून आणून तिळावर सोडा. गावाकडे जाणे झाले तर हे काम विसरू नका. माझी पहिली जोडी अशीच एस.टी.तून आली, टिफिनच्या डब्यात.

ट्रायकोग्रामाच्या माशीला फुलातल्या मधाची गरज असते. उपाशी ती दोन-तीन दिवसांतच मरते, रस मिळाला तर जास्त जगते आणि जास्त अंडी घालते. तिचे तोंड लहान, म्हणून जास्वंद-गुलाब तिच्या कामाचे नाहीत. कोथिंबीर फुलू द्या, शेपू फुलू द्या, बडीशेपेचे एक झाड ठेवा. छत्रीसारखे बारीक फुलांचे तुरे तिला सोपे पडतात. चवळीची एक वेल जरूर असावी, तिच्या फुलांच्या देठाशी फुलाबाहेरही गोड रस पाझरतो. चवळीवर मावा येईल. येऊ द्या, क्रायसोपर्ला आणि ढालकिडे त्याच्यासाठीच तर येतात.

पायरी पाचवी: ट्रायकोकार्ड

ट्रायकोकार्ड म्हणजे जाड कागदाच्या तुकड्यावर चिकटवलेली हजारो बारीक अंडी, पूर्ण कार्डावर साधारण 20,000. ही अंडी कॉर्सायरा पतंगाची, म्हणजे आपल्या रव्यात-तांदळात जाळी करणाऱ्या त्याच अळीच्या आईची. प्रयोगशाळेत ट्रायकोग्रामाने त्यांत आपली अंडी घातलेली असतात. "म्हणजे मी घरात रव्याची कीड आणतोय का?" असे एका मैत्रिणीने विचारले होते, आणि प्रश्न रास्त आहे. कॉर्सायराची अंडी अतिनील किरणांखाली ठेवून आधीच निर्जीव केलेली असतात, त्यांतून अळी निघत नाही. तरी कार्ड पिठाच्या डब्याशेजारी ठेवायची काही गरज नाही.

कुठे मिळते? जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठांचा कीटकशास्त्र विभाग, काही साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा, आणि जैविक निविष्ठा विकणारी दुकाने. साखर कारखान्यात बहुतेक ट्रायकोग्रामा किलोनिस ही जात असते, कारण ती उसाच्या खोडकिडीसाठी लागते. टूटासाठी प्रेटिओसम किंवा अकी ही जात मागा. नसेलच तर किलोनिस घ्या, ती घाटेअळीच्या अंड्यांवर चालते, टोमॅटोला तोही फायदा. वेळेआधी सांगून ठेवावे लागते. कार्ड शिळे विकत घेण्यात अर्थ नाही.

दहा-बारा कुंड्यांना पूर्ण कार्ड फार होते. ओळखीच्या पाच-सहा जणांनी मिळून घ्या आणि पट्ट्या वाटून घ्या, पट्टी कात्रीने रेघेवर कापा, अंड्यांवरून नको. घेताना रंग पाहा. अंडी काळी असली की आत माशी तयार होते आहे, पांढरट-पिवळी राहिली ती रिकामी. कार्डावर माशा कधी निघतील ती तारीख लिहिलेली असते. घरी आणताना थंड पिशवीत आणा, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेले कार्ड मेलेच समजा. एक-दोन दिवस थांबायचे असेल तर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये कधीच नाही.

बांधायची वेळ संध्याकाळची, पाच-सहानंतर. पट्टी झाडाच्या वरच्या निम्म्या भागात, पानाच्या खालच्या बाजूला, अंडी खाली तोंड करून. थेट ऊन नको, पाण्याचा फवारा नको. मी कागदी कप उलटा टांगून त्याच्या आत पट्टी चिकटवतो. हे कौतुकासाठी नाही, मुंग्यांमुळे. पहिल्या वर्षी मी पट्टी नुसती पानाला टाचली आणि सकाळी पाहिले तर कागद स्वच्छ, अंडी मुंग्यांनी रात्रीत नेलेली. आता कप दोऱ्याने टांगतो आणि दोऱ्याला मध्यभागी व्हॅसलीनचे बोट लावतो. तेवढे पुरते.

एकदा बांधले की झाले, असे नाही. अंडे फुटायला चार-पाच दिवस, माशी जगते तेवढेच, आणि टूटा रोज नवी अंडी घालतेच. म्हणून सलग पाच-सहा आठवडे, दर आठवड्याला एक पट्टी. पहिली पट्टी सापळ्यात पतंग दिसल्याच्या आठवड्यात, पाने करपल्यावर नव्हे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसकडे गेला की माशा लवकर मरतात, तेव्हा कुंड्यांवर हिरव्या जाळीची सावली करा आणि पट्टी अजून उशिरा, अंधार पडता पडता बांधा.

एक गोष्ट मनात ठेवा. ट्रायकोग्रामाला फुलपाखरांचीही अंडी चालतात. लिंबावर आणि कढीपत्त्यावर फुलपाखरे अंडी घालतात, ती तुम्हाला हवी असतील तर पट्टी त्या कुंड्यांपासून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. ही माशी फार लांब जात नाही, काही मीटरच.

पायरी सहावी: मोजा

दर रविवारी पाच झाडे, प्रत्येकाची शेंड्याकडची तीन पाने, भिंगातून खालची बाजू. टूटाचे ताजे अंडे पिवळसर पांढरे असते. काळे झालेले दिसले की ट्रायकोग्रामाने काम केले. वहीत तीन आकडे लिहा: पांढरी अंडी, काळी अंडी, मिरिड. सुरुवातीला पहिला आकडा मोठा, बाकीचे शून्य असे दिसेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उलटायला लागते. त्याच्या आधी निकाल मागू नका. पोखरलेली पाने झाडावर राहणारच, त्यांचे डाग पुसले जात नाहीत. पाहायचे ते नवे शेंडे.

आता मिरिडच्या त्या त्रासाबद्दल. खायला अंडी-अळ्या कमी पडल्या की मिरिड टोमॅटोच्या कोवळ्या खोडात सोंड खुपसतो, देठाभोवती तपकिरी कडी उमटते आणि कधी शेंडा तिथे मोडतो. एखाददुसरी कडी म्हणजे मिरिड आहे याची खूण. प्रत्येक शेंड्यावर कड्या दिसल्या आणि वहीत अंडी शून्य, तर मिरिड जास्त झाले. तिळाची कुंडी जवळ आणा, टोमॅटोचे शेंडे झटकून काही मिरिड तिळावर हलवा. मारू नका, आठवड्याने पुन्हा लागणार आहेत.

हाताबाहेर गेले तर

तीन आठवड्यांनंतरही नवे शेंडे पोखरले जात असतील, फळांत छिद्रे वाढत असतील, तर बीटी हे जिवाणूंचे औषध वापरा, कुर्स्टाकी जातीचे. ते पतंगाच्या अळ्यांच्या पोटात गेल्यावरच चालते, मिरिड आणि गांधीलमाशी यांना धक्का लागत नाही. पाकिटावरचे प्रमाण तंतोतंत, आणि फवारणी सूर्यास्तानंतर, कारण उन्हात ते लवकर निकामी होते. पानात घुसलेल्या अळीला ते पोचत नाही, नुकत्या फुटलेल्या आणि जागा बदलणाऱ्या अळ्यांनाच मिळते. म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने दोनदा मारावे लागते. निंबोळी अर्क वापरायचाच असेल तर पट्टी बांधण्याच्या आठवडाभर आधी, नंतर नाही. स्पिनोसॅड हे कीटकनाशक जैविक म्हणून विकले जाते, पण ट्रायकोग्रामाला ते जड जाते, या काळात ते टाळा.

हंगाम संपला की टोमॅटोची झाडे कोपऱ्यात वाळत ठेवू नका. मुळासकट उपटा, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून तोंड बांधा आणि पंधरा दिवस उन्हात टाका. कुंडीतल्या मातीत कोष असतात, ती माती प्लास्टिकवर पसरून वरखाली करत वाळवा. त्याच कुंडीत लगेच वांगे किंवा बटाटा नको, मेथी, गवार किंवा भेंडी चालेल. कामोणी उगवली असेल तर उपटा. तिळाची झाडे मात्र शेवटी काढा, मिरिड तिथे असतात. बोंडे पिकली की पापड वाळवायच्या ताटात उपडी करून ठेवा, पुढच्या जानेवारीचे बी त्यातूनच.